साहेबांना सांगायचं कोणी?

प्लेसमेंटचा सीझन जवळ आला की कॉलेजच्या कट्ट्यावर एक पद हमखास चर्चेत येतं, ते म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजर. कोडिंग फार आलं नाही तरी चालतं म्हणे, पगार दणदणीत आणि काम काय, तर सगळ्यांशी बोलायचं! मग कोर्स सुरू होतात. रोडमॅप कसा मांडायचा, पंधरा मिनिटांची स्टँडअप मीटिंग कशी घ्यायची, स्लाइडवर किती शब्द असावेत. ‘कम्युनिकेशन स्किल्स’ या नावाखाली जे शिकवलं जातं, ते जवळपास सगळं एकाच दिशेचं असतं. आपण बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

प्रत्यक्षात या कामाची खरी परीक्षा उलट्या दिशेला असते. टीममधल्या ज्याला गडबड सगळ्यात आधी कळते, तो ती सांगतो का? आणि सांगितलीच, तर निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोचेपर्यंत तिचं काय होतं? हे समजून घ्यायला बेंगळुरूला जायला नको. डहाणू लोकल पकडा आणि बोईसरला उतरा.

तारापूर एमआयडीसी ही फक्त नावाची तारापूरची. वसाहत आहे बोईसरला खेटून, तारापूर गाव तिथून बरंच पुढे, समुद्राच्या अंगाला. रसायनं, औषधांचा कच्चा माल, रंग, कापड, स्टील असे शेकडो कारखाने इथे आहेत. सात-तीन, तीन-अकरा, अकरा-सात अशा पाळ्या. पालघर-डहाणूच्या पाड्यांवरून येणारी मुलं, वसाहतीभोवतीच्या चाळींत राहणारे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे कामगार, वसई-विरारहून येणारे केमिस्ट. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत गेली तेव्हापासून मुंबईकडून ये-जा करणारेही वाढले. पालघरच्या दांडेकर कॉलेजात केमिस्ट्री करणाऱ्या मुलाला पहिली नोकरी कुठे लागेल, असं विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर हेच असतं, ‘एमआयडीसीत, क्यूसीला.’

आता तुम्ही म्हणाल, यात प्रॉडक्ट मॅनेजर कुठे आला? तर हे पद काही ॲपवाल्यांनी शोधलेलं नाही. १९३१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीत कॅमे साबणाची जाहिरात बघणाऱ्या नील मॅकेलरॉय नावाच्या तरुणाने वरिष्ठांना एक मेमो लिहिला. एका ब्रँडसाठी एक माणूस असावा, त्या ब्रँडचं जे काही बरं-वाईट होईल त्याची जबाबदारी त्याने घ्यावी, असं त्याचं म्हणणं होतं. तिथून ही कल्पना पसरली. आपल्याकडे औषध कंपन्यांमध्ये प्रॉडक्ट मॅनेजर हे पद जुनं आहे. बी. फार्म. आणि वर एमबीए केलेली कितीतरी मुलं आज ते काम करतात. आणि इथेच गंमत आहे. प्रॉडक्ट मॅनेजर बसतो अंधेरीत किंवा बीकेसीत, त्याचं प्रॉडक्ट तयार होतं तारापूरला. मधे शंभरेक किलोमीटर अंतर, चार-पाच पदं आणि दोन-तीन भाषा.

समजा, अंधेरीतली एक प्रॉडक्ट मॅनेजर विचारते, ‘महिनाअखेरपर्यंत तीन बॅच मिळू शकतील का?’ हा प्रश्न आहे. प्लॅनिंगवाल्याच्या एक्सेलमध्ये तो ‘३ बॅच, ३० तारीख’ असा उतरतो. प्लँट हेड म्हणतो, ‘मुंबईला तीन बॅच हव्या आहेत.’ शिफ्ट सुपरवायझर म्हणतो, ‘काहीही करून काढायच्यात.’ आणि रिॲक्टरपाशी उभ्या असलेल्या हेल्परपर्यंत येताना उरतं ते इतकंच, ‘चल रे, लवकर उरक.’ प्रश्नाचा हुकूम झाला. विचारणारीला ते ठाऊकही नाही.

आता उलटा प्रवास बघा. ऑपरेटर सुपरवायझरला सांगतो, ‘साहेब, परवापासून रिॲक्टर थंड व्हायला जास्त वेळ लागतोय, कूलिंगच्या पाण्याचा प्रेशर कमी वाटतो.’ सुपरवायझर पुढे सांगतो, ‘कूलिंग थोडं स्लो आहे, मेंटेनन्सला कळवलंय.’ प्लँटच्या रोजच्या रिपोर्टमध्ये याचं ‘मायनर मेंटेनन्स’ होतं. अंधेरीच्या स्लाइडवर त्या ओळीपुढे हिरवा ठिपका. कुणीही खोटं बोललेलं नाही. प्रत्येकाने फक्त आपल्या वरच्याला त्रास होणार नाही इतकं गुळगुळीत करून सांगितलं.

हा हिरवा ठिपका किती महाग पडू शकतो, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वेगळं सांगायला नको. अनेक रिॲक्शन उष्णता बाहेर टाकतात. तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की रिॲक्शनचा वेग अंदाजे दुप्पट होतो, हा आपला अकरावी-बारावीतला ठोकताळा. वेग वाढला की उष्णता आणखी वाढते. थंड करणारी यंत्रणा तिला पुरी पडेनाशी झाली, की पुढचं काही माणसाच्या हातात राहत नाही. ‘जास्त वेळ लागतोय’ हे ऑपरेटरचं वाक्य म्हणूनच त्या दिवसाची सगळ्यात महत्त्वाची बातमी असते.

तारापूरच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी झालेल्या स्फोटात आठ जण गेले. २१ ऑगस्ट २०२५ ला एका औषध कंपनीत झालेल्या वायुगळतीत चार कामगारांचा जीव गेला. मधल्या काळातही आगी, स्फोट, मृत्यू झालेच. प्रत्येक अपघाताचं कारण वेगळं, आणि ते ठरवायचं काम तपास यंत्रणांचं. ‘संवाद नव्हता म्हणून झालं’ असं सरसकट म्हणणं चूक आहे आणि मेलेल्यांवर अन्यायही. पण जगात ज्या मोठ्या औद्योगिक अपघातांची खोलात जाऊन चौकशी झाली, त्यांचे तपशील समोर ठेवले तर टीममधल्या संवादाबद्दल जे कळतं ते कुठल्याही मॅनेजमेंटच्या पुस्तकात सापडणार नाही.

आपल्या भोपाळपासून सुरुवात करू. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री पावणेअकराला पाळी बदलली. १०.२० ला टाकीतला दाब २ होता, अकराला १० झाला. नव्या पाळीच्या ऑपरेटरला १० हा आकडा वावगा वाटला नाही, कारण तो नेहमीच्या मर्यादेत बसत होता. चाळीस मिनिटांपूर्वी तो २ होता, ही गोष्ट त्याच्यापर्यंत आलीच नव्हती. आकडा बरोबर होता, पण त्याच्या आधी काय घडलं ते हरवलं होतं. डॅशबोर्डवर आजचा आकडा दाखवून ‘ऑल गुड’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं.

१९८८ च्या जुलैत उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर १६७ माणसं मेली. तिथे एक पंप दुरुस्तीसाठी बंद होता, त्याचा एक परमिट. त्याच पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून ठेवला होता, त्याचा वेगळा परमिट. दोन्ही कागद वेगवेगळ्या ठिकाणी. रात्रपाळीत दुसरा पंप बंद पडला तेव्हा पहिला सुरू करायचं ठरलं, कारण हाताशी असलेल्या कागदानुसार त्याची मोठी दुरुस्ती सुरूच झाली नव्हती. व्हॉल्व्ह जागेवर नाही, हे सुरू करणाऱ्यांना माहीत नव्हतं. सॉफ्टवेअर कंपनीत काम केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. एकाच फीचरची दोन तिकिटं, एक पेमेंट टीमकडे, एक लॉगिन टीमकडे, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. तिथे फक्त ॲप बंद पडतं, एवढाच फरक.

मला स्वतःला सगळ्यात बोलकं वाटतं ते टेक्सास सिटीचं प्रकरण. अमेरिकेतल्या या बीपी रिफायनरीत २३ मार्च २००५ ला स्फोट झाला. १५ मेले, सगळे कंत्राटी कामगार, १८० जखमी. दुरुस्तीनंतर एक युनिट पुन्हा सुरू करायचं होतं. रात्रपाळीने टॉवर भरायला घेतला आणि लॉगबुकात एका ओळीची नोंद केली. त्या ओळीवरून कुठे किती भरलंय, पुढे काय करायचंय, काही कळत नव्हतं. सकाळचा सुपरवायझर तासाभराहून जास्त उशिरा आला, त्याला रात्रपाळीकडून चार्ज मिळालाच नाही. बोर्डवरचा ऑपरेटर २९ दिवस सलग बारा-बारा तासांच्या ड्यूट्या करत आलेला. १७० फुटांचा टॉवर जवळजवळ वरपर्यंत भरला, तरी गेज आठ फुटांच्या आतला आकडा दाखवत राहिलं आणि तोही उतरता.

आणि यातला सगळ्यात अस्वस्थ करणारा तपशील अजून सांगायचाय. त्या दिवशी सकाळी मीटिंग झाली होती. पुढच्या टाक्या भरत आल्यात, त्यामुळे युनिट सुरू करायचं नाही, असं त्या मीटिंगमध्ये बोललंही गेलं होतं. ते युनिटवरच्या ऑपरेटरांना कुणी कळवलं नाही. मीटिंग झाली, मुद्दा बरोबर निघाला, सगळ्यांनी माना डोलावल्या असतील. ज्यांना थांबायचं होतं ते त्या खोलीत नव्हते, बस्स.

आपल्याकडच्या ऑफिसांमध्ये संवाद सुधारायचा म्हटलं की पहिला उपाय म्हणजे आणखी एक मीटिंग. हल्ली तर मीटिंगची टिपणं एआय काढून देतं, मुद्दे वेगळे, कामं वेगळी, छान रंगीत. पण एआय खोलीत बोललेलंच लिहिणार. खोलीत नसलेल्या माणसाला ते कोण सांगणार, आणि खोलीत असूनही गप्प बसलेल्याच्या मनात काय होतं, हे त्या टिपणात येत नाही.

कारखान्याच्या फ्लोअरवर या गोष्टीचं भान जुनं आहे. तिथे पाळी ‘संपत’ नाही, चार्ज द्यावा लागतो. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा साधा नियम. कुठलं काम धोक्याचं असेल तर वर्क परमिट, काम सुरू करण्याआधी उभ्या-उभ्या टूलबॉक्स टॉक. औषध कारखान्यांत तर प्रत्येक बॅचची स्वतंत्र नोंदवही, बीएमआर. तिथे नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात ऐकवतात की जे लिहिलं नाही ते झालंच नाही. नोंद कशी असावी याचेही नियम ठरलेले आहेत: कुणी केली ते कळलं पाहिजे, वाचता आली पाहिजे, काम होत असतानाच केलेली असावी, मूळ असावी, अचूक असावी. यातलं ‘काम होत असतानाच’ हे मला फार मोलाचं वाटतं. शुक्रवारी संध्याकाळी आठवडाभराची अपडेट एकदम टाकणाऱ्या टीमला हे शिकवायला एखादा बोईसरचा क्यूए केमिस्ट आणून बसवला पाहिजे.

अर्थात फ्लोअरवर सगळं आदर्श चालतं असा गैरसमज नको. पाळी सुरू होतानाच आठ तासांच्या नोंदी भरून मोकळं होणं, प्रत्येक रकान्यात ‘ओके’, गाडी चुकू नये म्हणून पंधरा मिनिटं आधीच निघणं, हे प्रकार कुठल्या वसाहतीत होत नाहीत? पाळी सुटण्याची वेळ आणि गाडीची वेळ यांच्यात दहा मिनिटं असतील तर चार्ज नीट दिला जाणार नाही. त्यासाठी माणसाला दोष देत बसण्यापेक्षा पाळ्यांमध्ये पंधरा मिनिटांचा एकत्र वेळ ठेवणं आणि त्याचे पैसे देणं जास्त उपयोगी. सॉफ्टवेअर टीमलाही हे लागू होतं. हँडओव्हरला वेळ द्यायचा नाही आणि वर ‘तू कळवलं का नाहीस’ म्हणून ओरडायचं, हे बरोबर नाही.

भाषेचा मुद्दा यात हमखास सुटतो. रसायनांची माहितीपत्रकं इंग्रजीत, सूचना हिंदीत, शिवी मराठीत आणि ऐकणारा घरी वारली किंवा ओडिया बोलणारा. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये सूचना इंग्रजीसोबतच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायची अट होती. पण फलक लावला म्हणजे कळलं, असं होत नाही. म्हणून काही क्षेत्रांनी वेगळा मार्ग काढला. जगभरच्या अणुऊर्जा केंद्रांमध्ये तिहेरी संवादाची पद्धत वापरतात: एकाने सूचना द्यायची, दुसऱ्याने ती आपल्या तोंडाने परत म्हणायची, पहिल्याने ‘बरोबर’ म्हणायचं, मगच हात हलवायचा. बोईसरच्या शेजारीच तारापूरचं अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून उभं आहे. तिथे नोकरीला असलेलं कुणी ओळखीचं असेल तर विचारून बघा. रेल्वेत स्टेशन मास्तर आणि गेटमन फाटक बंद झाल्याची खात्री नुसत्या ‘हो’वर करत नाहीत, प्रायव्हेट नंबर देतात-घेतात. ‘समजलं ना?’ या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर एकच, ‘हो सर.’ त्याऐवजी ‘तू आता काय करणार आहेस ते सांग’ असं विचारलं तर खरी परिस्थिती दहा सेकंदांत बाहेर येते. करून बघा, गंमत वाटेल.

तरीही सगळ्यात अवघड प्रश्न उरतोच. ऑपरेटरला दिसलं, भाषा आली, वही हाताशी आहे. तरी तो सांगेल का? भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आली. जिवाला धोका आहे अशी वाजवी भीती वाटली तर कामगाराने ती मालकाला आणि त्याच वेळी कारखाना निरीक्षकालाही कळवावी, असा हक्क मिळाला. वाईट बातमी वर पाठवण्याचा हक्क कायद्यात लिहावा लागला, यातच काय ते आलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतल्या सुरक्षेच्या संहितेतही हा हक्क आहे. पण ठेकेदाराकडून आलेल्या, उद्या कामावर घेतील की नाही याची खात्री नसलेल्या पोराने हा हक्क वापरायचा कसा? त्याने तोंड उघडून काम थांबवलं आणि तपासणीत काहीच निघालं नाही, तर त्याला शाबासकी मिळते की शिव्या, यावर पुढचा माणूस बोलणार की नाही ते ठरतं. टोयोटाच्या कारखान्यात दोरी ओढून कुणीही कामगार लाइन थांबवू शकतो, त्याचं कौतुक सगळे करतात. दोरी टांगणं सोपं असतं. ओढणाऱ्याला आधी ‘थँक यू’ म्हणणं, तेही महिनाअखेरीला, हे अवघड.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील, असा अंदाज होता. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये चुका जास्त! नंतर लक्षात आलं की चुका जास्त होत नव्हत्या, तिथले लोक त्या मोकळेपणाने सांगत होते. म्हणजे ज्या टीमच्या रिपोर्टवर सगळे ठिपके हिरवे, तिथे प्रॉडक्ट मॅनेजरने खूश व्हायच्या आधी जरा घाबरायला हवं.

हे तुमच्यापासून लांबचं नाही. कॉलेज फेस्ट आठवा. स्पॉन्सर मागे हटलाय हे स्पॉन्सरशिपवाल्या फर्स्ट इयरच्या मुलीला आठ दिवस आधी कळलेलं असतं. ती हेडला सांगत नाही, कारण मागच्या वेळी ज्याने सांगितलं होतं त्याची ग्रुपवर सगळ्यांसमोर खिल्ली उडाली. हेड जीएसला सांगत नाही, कारण ‘मॅनेज करू’. जीएसला कळतं स्टेज उभं राहताना. पुढच्या वेळी जीएस तुम्ही असाल तर रोज ‘सगळं ठीक ना?’ विचारू नका. ‘आज कशाची भीती वाटतेय?’ विचारा, आणि सगळ्यात ज्युनियरला आधी बोलू द्या, कारण सीनियर बोलला की बाकीचे त्याचंच री ओढतात. आलेल्या पहिल्या वाईट बातमीवर तुम्ही काय करता, हे अख्खी कमिटी बघत असते.

प्रॉडक्ट मॅनेजरचं तर याहून अवघड. त्याच्या हाताखाली कुणी नसतं. डेव्हलपर वेगळ्या साहेबाचा, डिझायनर वेगळ्या, सेल्सवाला तिसऱ्याच. हुकूम सोडता येत नाही, त्यामुळे लोक आपणहून सांगतील तेवढंच त्याला कळतं. अंधेरीतल्या त्या प्रॉडक्ट मॅनेजरने महिन्यातून एकदा बोईसरला जाऊन प्लँट हेडच्या केबिनमध्ये चहा पिण्याऐवजी फ्लोअरवर उभं राहून ऑपरेटरला दोन प्रश्न विचारले, तर तिच्या स्लाइडवरचे काही ठिपके पिवळे होतील. तिच्या बॉसला ते आवडणार नाही. त्याला ते पिवळे का हे नीट सांगणं, तारीख पुढे ढकलून घेणं आणि ऑपरेटरचं नाव मधे न आणणं, हे तिच्या पगारातच धरलेलं काम आहे.

यंदा तुमच्या कॉलेजची इंडस्ट्रियल व्हिजिट तारापूरला निघाली, तर बहुतेक सकाळी अकराला नेतात, कॉन्फरन्स रूममध्ये व्हिडिओ दाखवतात, बिस्किटं देतात आणि दोनच्या आत बस परत फिरते. सरांना विनंती करून बस साडेतीनपर्यंत थांबवता येते का बघा. तीनला पाळी बदलते. जाणारा येणाऱ्याला काय सांगतो, किती वेळ सांगतो, वहीत बघून सांगतो की चालता चालता, आणि येणारा एक तरी प्रश्न विचारतो का, तेवढं बघून या.